भोगवटादाराचा रकाना



ग्रामपंचायतीत कर आकारणीची एक वही असते, नमुना आठ. तिच्या उताऱ्याला आपल्याकडे कुणी घरपत्रक म्हणतं, कुणी नुसतं असेसमेंट. घराचा क्रमांक, मालकाचं नाव, भिंत चिऱ्याची की मातीची, छप्पर कौलांचं, पत्र्याचं की स्लॅबचं, क्षेत्रफळ किती, हे सगळं त्यात येतं. मालकाच्या नावाजवळच आणखी एक रकाना आहे, भोगवटादाराचा. घरात प्रत्यक्ष कोण राहतं, ते तिथे लिहायचं असतं. घर भाड्याने दिलेलं असलं, तरी पुष्कळदा तिथे 'स्वतः' एवढंच लिहिलेलं आढळतं. आज मला बोलायचं आहे ते या रकान्यात ज्यांचं नाव लागत नाही अशा माणसांबद्दल.

आमचं अंजनवेल वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेलं. समोर दाभोळ, अलीकडे गोपाळगड आणि दीपगृह. नव्वदच्या दशकात दाभोळच्या नावाने जो वीजप्रकल्प आला, तो खाडीच्या या अंगाला, गुहागर तालुक्यात, अंजनवेल, वेलदूर, रानवी या भागात उभा राहिला. बांधकामासाठी परगावची, परराज्यातली हजारो माणसं आली. त्यांना राहायला जागा हवी होती आणि गावाला चार पैसे हवे होते. पडव्या बंद झाल्या, गोठ्यांच्या खोल्या झाल्या, मागच्या दारी पत्र्याचे गाळे उभे राहिले. 2001 मध्ये काम थांबलं आणि हा प्रकल्प उभारणारी एन्रॉन कंपनीही बुडाली. 2005 मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली आणि माणसं पुन्हा येऊ लागली. त्यांच्यामागे वायू टर्मिनलच्या कामाची माणसं आली. आज आपल्या किनारपट्टीवर असा भाडेकरू सगळीकडे आहे. कुठे वेल्डर, कुठे रंगारी, बोटीवरचा खलाशी, आंब्याच्या बागेतला नेपाळी राखणदार.

ही माणसं राहतात कशी, ते पावसाळ्यात जाऊन पाहावं. जांभा दगड पाणी पितो. बाहेरून गिलावा नसला, की जुलैत भिंतीला आतून हात लावला तरी तो ओला होतो. उशाखालच्या कपड्यांवर बुरशी धरते. खिडकी नसलेल्या खोलीत पाच-सहा जण झोपतात आणि त्याच खोलीत रॉकेलचा नाहीतर गॅसचा स्टोव्ह पेटतो. संडास एक, तोही दोन-तीन खोल्यांत मिळून. सांडपाणी विहिरीच्या अंगाला वाहतं. जुन्या घराच्या वाशाला वाळवी लागलेली असते. मालकाला ते ठाऊक असतं, पण तो वासा बदलत नाही, कारण एवढा खर्च त्या भाड्यात निघत नाही. दम्याने बेजार झालेला कामगार आरोग्य केंद्रात जातो, औषध घेतो आणि त्याच भिंतीशी परत येऊन झोपतो.

यावर कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा आहे. जागा राहण्याजोगी ठेवणं हे त्याने मालकाचं कर्तव्य ठरवलं आहे. भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. पाणी, वीज तोडायलाही मनाई आहे. तरतूद उत्तम आहे. पण हा कायदा लागू होतो तो परिशिष्टात नावं असलेल्या क्षेत्रांना. शहरांना धोकादायक इमारतींसाठी वेगळ्या तरतुदीही आहेत. मुंबई महापालिका 354 कलमाची नोटीस काढते. खेड्यातल्या भाड्याच्या खोलीपर्यंत यातलं फारच थोडं पोहोचतं.

ग्रामपंचायतीचे हात मात्र अगदीच बांधलेले नाहीत. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने स्वच्छता आणि आरोग्य ही तिची कामं म्हणून नेमून दिली आहेत. घर पडण्याच्या बेतात असेल आणि त्यापासून माणसांना इजा होण्याचा संभव असेल, तर प्रांताधिकाऱ्यांना ते दुरुस्त करण्याचा किंवा उतरवण्याचा आदेश देता येतो. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 133 कलमात होती. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 152 कलमात आहे. त्यासाठी अर्ज कुणीही करू शकतं. तो होत नाही, याचं कारण कलमाच्या बाहेर आहे.

ग्रामसभेचा सभासद कोण? गावच्या मतदारयादीत ज्याचं नाव आहे तो. बिहारहून, ओडिशाहून आलेल्या कामगाराचं नाव त्याच्या गावच्या यादीत असतं. म्हणजे खोलीचा मालक सरपंचाला मत देतो, भाडेकरू देत नाही. मालक सरपंचाचा शेजारी असतो, भावकीतला असतो, कधी स्वतःच सदस्य असतो. अशा ठिकाणी भाडेकरूने तक्रार केली तर दुसऱ्या दिवशी त्याला एकच वाक्य ऐकू येतं, खोली खाली कर. म्हणून तक्रारीची वाट पाहत बसणारी पंचायत या माणसाच्या कधीच उपयोगी पडणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पंचायतीने आपणहून त्याच्या दारात गेलं पाहिजे.

लंडनच्या न्यूअम भागातल्या नगरपरिषदेने 2013 मध्ये हेच केलं. तिने आपल्या हद्दीतल्या खाजगी घरमालकांना परवाना सक्तीचा केला. परवाना म्हटला की घर तपासायला माणूस येऊ शकतो. इंग्लंडमध्ये 2004 च्या कायद्यापासून घरातले धोके मोजायची एक पद्धत आहे. तिच्यात एकोणतीस धोके धरले आहेत आणि त्यांत ओल आणि बुरशी हा एक आहे. इथे चार महिने ओलीत राहणाऱ्या कोकणाने ही गोष्ट नीट ऐकावी. आपल्या कुठल्याच दफ्तरात ओलीला जागा नाही.

पण नुसत्या कडकपणाने काय होतं, तेही कोकणी माणसाने भोगलं आहे. 1896 मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग आला. तपासणी पथकं घराघरांत शिरली आणि राहायला अयोग्य ठरलेल्या घरांवर यू.एच.एच. ही इंग्रजी अक्षरं रंगवली गेली. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने अस्वच्छ वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले. मात्र जितक्या लोकांना उठवलं तितक्यांना छप्पर दिलं नाही. उठवलेली माणसं शेजारच्या चाळीत आणखी दाटीने राहिली. त्यांच्यात रत्नागिरीतून गिरणीत गेलेले आपले लोक होते. गावाच्या नावाने घेतलेल्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी ती पिढी आपल्या आजोबा-पणजोबांची. तेव्हा आपण भाडेकरू होतो, आज आपण मालक आहोत. ज्यांनी वळकटी ठेवायला भिंतीची खुंटी वाटून घेतली, त्यांच्या नातवंडांनी परक्या मुलखातल्या माणसाला गोठ्यात झोपवू नये, हे मला फार मनापासून वाटतं.

म्हणून खोली बंद करायची सक्ती अगदी शेवटी असावी, आधी दुरुस्तीची. आणि कामगार जर कंत्राटदाराने आणलेला असेल, तर पहिला जाब कंत्राटदाराला विचारावा. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या 1979 च्या कायद्याने त्यांच्या राहण्याची योग्य सोय करणं कंत्राटदारावरच टाकलं होतं. घरमालकाने दोनच हजार भाडं घ्यायचं आणि कंत्राटदाराचा खर्चही त्यानेच सोसायचा, हे न्याय्य नाही. पुष्कळ मालक स्वतःच हातावर पोट असलेले आहेत. त्यांना दुरुस्तीला मुदत द्यावी, लागली तर दोन हंगामांची द्यावी. वाळवीने खाल्लेल्या वाशाला मात्र मुदत नको.

येत्या 1 मेच्या ग्रामसभेत, पावसाच्या आधी, हा विषय घ्यावा असं मी सुचवतो. भाड्याने दिलेल्या प्रत्येक खोलीची नोंद भोगवटादाराच्या रकान्यात व्हावी. खिडकी, संडास, पिण्याचं पाणी, विजेची जोडणी, छप्पर, ओल, एवढं पाहायला अभियंता लागत नाही. आरोग्यसेवक आणि आशाताई विहिरीत पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर पडली की नाही ते पाहायला वाडीवाडीत फिरतातच, त्यांच्याबरोबर एक सदस्य जावा. पाहणीत खोली पडेल अशी वाटली, तर पंचायतीने स्वतःच्या नावाने प्रांतांकडे अर्ज करावा, भाडेकरूची सही मागू नये.

एक अडचण आपल्याकडची खास आहे. घर सामाईक असतं. उताऱ्यावर सात-आठ नावं, त्यांतली दोन वारलेली, चार मुंबईत, एक पुण्याला. दुरुस्तीचं निघालं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि नोटीस कुणाला बजावायची इथेच फाइल थांबते. भाडं मात्र दर महिन्याला कुणीतरी एक जण घेत असतो. ठरावात तेवढं स्पष्ट लिहावं, की जो भाडं घेतो, नोटीस त्याला.