समोरच्याची कैफियत

मुख्याध्यापक सर, शिक्षक मंडळी, शाळा समितीचे सदस्य, हेदवीचे ग्रामस्थ, संमेलनासाठी रजा टाकून आलेले मुंबईकर, आणि मघापासून पडद्याच्या फटीतून 'ह्या बाई कधी आटपणार' म्हणून डोकावणारे माझे खरे श्रोते, सगळ्यांना नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'मार्गदर्शन' असं छापलंय. मी वकील आहे, मार्गदर्शनाची फी घेते. तेव्हा आज मार्गदर्शन नाही. दोन माणसांच्या भांडणाची हकिकत सांगते आणि खाली बसते.

दोघंही आपल्या जिल्ह्यातले. एकाचा जन्म १८५६ सालचा, रत्नागिरीचा. मूळ गाव दापोली तालुक्यातलं चिखलगाव. दुसऱ्याचा जन्म तर आपल्याच गुहागर तालुक्यात, कोतळूकला, ९ मे १८६६ रोजी. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ कृष्ण गोखले. तुमच्या पुस्तकात एक जहाल, एक मवाळ, आणि परीक्षेत 'फरक स्पष्ट करा'. मुलं फरक स्पष्ट करतात, गुण मिळवतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. पण या दोन माणसांनी पंचवीस वर्षं एकमेकांशी वैर कसं केलं, हे पाहण्यासारखं आहे. त्यातलं बरंच करण्यासारखं नाही, तेही सांगेन.

सुरुवात एकाच शाळेत झाली. पुण्याचं न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली निघालं, ते काढणाऱ्यांत टिळक होते. पाच वर्षांनी गोखले तिथे शिक्षक म्हणून आले. टिळक गणित शिकवायचे. गोखल्यांनी पुढे अंकगणिताचं पुस्तक लिहिलं, जे कित्येक पिढ्यांनी घोकलं. म्हणजे हे भांडण दोन गणितवाल्यांचं. पगाराचा, बाहेरच्या कामांचा, संस्थेच्या शिस्तीचा वाद होत होत १८९० मध्ये टिळक ती शाळा चालवणारी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडून गेले. शेवटचा खटका उडाला तो गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं म्हणून. मोठ्या माणसांची भांडणंही आपल्यासारखीच सुरू होतात: तू हे पद का घेतलंस, मला का विचारलं नाहीस.

पुढच्याच वर्षी संमतिवयाचा कायदा आला. लग्न झालेल्या मुलीला संसाराला लावण्याचं वय दहावरून बारा करणारा. समोर बसलेल्या सहावीतल्या मुलींनी स्वतःच्या वयाकडे बघावं, म्हणजे तेव्हा भांडण कशावरून चाललं होतं ते समजेल. रानडे, आगरकर, गोखले कायद्याच्या बाजूने, टिळक विरुद्ध. मी बाई आहे आणि वकील आहे. माझी बाजू कोणती, हे सांगायला नको.

पण टिळकांचं म्हणणं काय होतं? वर्गात विचारलं तर उत्तर येतं, 'ते सनातनी होते.' हे उत्तर आळशी आहे. टिळक बालविवाहाचे वकील नव्हते. मुलीचं लग्न सोळाच्या आत आणि मुलाचं विसाच्या आत करू नये, हा नियम सुधारकांनी आधी स्वतःवर घालून घ्यावा, त्यावर सह्या कराव्यात, अशी सूचना त्यांनी स्वतःच १८९० मध्ये पुढे ठेवली होती. त्यांचा आक्षेप असा, की परक्या सरकारला आपल्या घरात, आपल्या धर्मात कायदा करायला एकदा बोलावलंत, तर उद्या त्याला 'बाहेर हो' कोणत्या तोंडाने सांगणार? सुधारणा आतून व्हावी, लोकांना शिकवून व्हावी.

हे म्हणणं मी आत्ता मांडलं तसं मांडलं तर टिळकांच्या बाजूचा माणूसही मान हलवेल. मग मी माझं उत्तर देते: समाज आतून सुधारेपर्यंत दहा वर्षांच्या मुलीने थांबायचं का, आणि थांबण्याची किंमत तिनेच का मोजायची? टिळकांना नुसतं 'सनातनी' म्हणून सोडलं असतं तर हे उत्तर मला सापडलंच नसतं. त्यांच्या युक्तिवादातली जी सगळ्यात मजबूत जागा आहे, तिच्यासमोर उभं राहिल्यावरच ते सापडतं.

कोर्टात आम्हाला हे पोट भरण्यासाठी शिकावं लागतं. मी नवीन असताना माझ्या सीनिअरांनी आपल्या अशिलाचा दावा माझ्या हातात दिलाच नाही. प्रतिवादीची कैफियत दिली आणि म्हणाले, ही तुझीच आहे असं समजून उभी राहा, मी तुझ्याशी भांडतो. मला राग आला होता. आपण वहिवाटीचा हक्क मागणाऱ्या बाजूने, आणि मी बोलायचं वाट अडवणाऱ्याच्या बाजूने? पण तासाभरात लक्षात आलं, की अडवणाऱ्याकडेही जुना कागद आहे, सामाईक सातबाऱ्यावर चाळीस नावं आहेत, आणि त्याच्या आजोबांनी ती वाट मेहरबानी म्हणून दिली होती असं त्याला मनापासून वाटतं. तो खोटारडा नाही. त्याचं म्हणणं कायद्यात टिकत नाही, एवढंच. या दोन गोष्टींतला फरक ज्याला दिसत नाही, तो वकील उलटतपासणीत उताणा पडतो.

गोखल्यांना हे जन्मजात असावं. १९०२ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिलं भाषण केलं. सरकार सांगत होतं, तिजोरीत शिल्लक आहे, म्हणजे देश सुखात आहे. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेतले आणि दाखवून दिलं, की ही शिल्लक म्हणजे दुष्काळ-प्लेगने पिचलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची खूण आहे. सरकारी हिशेब सरकारी अधिकाऱ्यांपेक्षा बारकाईने वाचलेला हा माणूस. टिळकांच्या माणसांना ही सगळी अर्जविनंत्यांची भाषा वाटायची. त्यांनाही कारण होतं: इतकी सुंदर भाषणं होऊनही मिठावरचा कर पुरता गेला नाही, आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं गोखल्यांचं विधेयक १९१२ मध्ये सरकारने मतांच्या जोरावर पाडलं. तुम्ही सगळे आज फुकट शाळेत बसलात, त्यासाठीची ती मागणी होती. पडली.

आता सुरत. २७ डिसेंबर १९०७, काँग्रेसचं अधिवेशन. अध्यक्ष कोण आणि ठराव कोणते यावरून दोन्ही गट इरेला पेटलेले. टिळक व्यासपीठावर चढले, बोलू द्या म्हणाले, कोणी बोलू देईना, ते हाताची घडी घालून उभेच राहिले. खालून एक जोडा उडाला तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहतांना लागला. मग खुर्च्या, काठ्या, पळापळ. हे अधिवेशन मी इथल्या कोणत्याही ग्रामसभेशी ताडून पाहणार नाही, इथल्या लोकांची नावं मला माहीत आहेत. पण त्या गोंधळात हेन्री नेव्हिन्सन नावाचे इंग्रज पत्रकार हजर होते, त्यांनी एक गोष्ट टिपून ठेवली. टिळकांच्या अंगावर माणसं धावून आली तेव्हा त्यांच्या शेजारी दोन्ही हात पसरून आडवे उभे राहिले ते गोखले. कोतळूकचे, तब्येतीने नाजूक, ज्यांच्यावर टिळकांच्या 'केसरी'ने वर्षानुवर्षं आसूड ओढले होते, तेच गोखले.

यावरून कोणी म्हणेल, मग त्यांची मनं जुळली. अजिबात नाही. काँग्रेस फुटली. दुसऱ्या वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेलं, आणि गोखले तेव्हा विलायतेत होते एवढ्यावरून पुण्यात लोक कुजबुजले की हे त्यांनीच घडवलं. गोखल्यांना ते फार लागलं. टिळक १९१४ मध्ये सुटून आल्यावर अॅनी बेझंट बाईंनी दोन्ही गट एकत्र आणायचा प्रयत्न केला, तोही फसला, आणि त्यात दोघांनी एकमेकांच्या हेतूंवर संशय घेतला. मला हा भाग लपवायचा नाही. समजून घेतलं की भांडण मिटतं, असं तुम्हाला सांगणारे पाहुणे पुष्कळ भेटतील. भांडण बहुतेक वेळा मिटत नाही.

१९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले गेले. अठ्ठेचाळीस वर्षांचे. टिळक तेव्हा सिंहगडावर होते. बातमी कळताच खाली उतरले आणि स्मशानात बोलले. आयुष्यभर ज्यांच्या मार्गाला विरोध केला त्यांना त्यांनी हिंदुस्थानचा हिरा, महाराष्ट्राचं रत्न म्हटलं आणि जमलेल्यांना सांगितलं, यांच्याकडे पाहा आणि यांच्यासारखं होण्याचा प्रयत्न करा. ही वेळ पाहून केलेली स्तुती होती, असं मानणारेही आहेत. मला तसं वाटत नाही. ज्याच्याशी तुम्ही पंचवीस वर्षं मुद्द्यांवर लढलात, त्याचं वजन तुमच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असतं?

आता घराजवळ येते. मागे बसलेल्या पन्नाशीच्या मंडळींना एन्रॉनचा वीजप्रकल्प आठवत असेल. नाव दाभोळचं, पण प्रकल्प खाडीच्या अलीकडे, आपल्या तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. १९९२ ला बोलणी, १९९३ ला करार, १९९५ ला नवं सरकार 'समुद्रात बुडवू' म्हणत आलं, करार रद्द केला आणि वर्षभरात थोडा बदलून पुन्हा मान्यही केला. मोर्चे झाले, लाठ्या बसल्या, धरपकड झाली. १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि दर न परवडल्यामुळे २००१ मध्ये बंद पडली. त्याच वर्षी ती अमेरिकन कंपनी दिवाळखोरीत गेली.

त्या दिवसांत या तालुक्यात घरं दुभंगली. भाऊ मोर्चात, आणि दुसऱ्या भावाचा ट्रक कंपनीच्या कामावर. विरोध करणारा म्हणायचा: जमीन जाणार, खाडीतली मासळी जाणार, आणि विजेचा दर आपल्याच खिशातून. ट्रकवाला म्हणायचा: पोरं मुंबईच्या गिरणीत गेली, गिरणी बंद झाली, आता इथे काही येतंय तर तेही नको? दराबद्दल विरोधकांचं म्हणणं खरं ठरलं, हे सरकारने नेमलेल्या माधव गोडबोले समितीनेही २००१ मध्ये आपल्या परीने सांगितलं. पण ट्रकवाल्याचा प्रश्न चुकीचा होता का? तो आजही तसाच आहे, आणि त्याचा पुरावा म्हणून मी सुरुवातीलाच 'रजा टाकून आलेले मुंबईकर' असं म्हटलं. तेव्हा विरोधकांनी त्याला 'दलाल' म्हटलं, त्याने त्यांना 'विकासाचे वैरी' म्हटलं. दोघांपैकी एकानेही दुसऱ्याचा प्रश्न आपल्या तोंडाने उच्चारला नाही. नवीन प्रकल्पाचं नाव निघालं की कोकणात आजही नेमकं हेच होतं. फक्त मोर्चाआधी मोबाइलवरच्या ग्रुपमधून एकमेकांना बाहेर काढलं जातं.

निवडणुकीत वाड्या फुटतात, शिमग्यात पालखी कोणाच्या अंगणात आधी यावरून भाऊबंद बोलेनासे होतात. ते माझ्या भाषणाने थांबणार नाही. मला मोठ्यांकडून फारशी आशाही नाही, मोठे माझ्याकडे अशील म्हणून येतात.

मुलांसाठी मात्र एक प्रस्ताव आणलाय. पुढच्या वर्षी वादविवाद स्पर्धेला फिरती ढाल मी देईन. विषय शाळेने ठरवावा. प्रकल्प हवा की नको असाच घ्यावा, गुळगुळीत नको. बाजू चिठ्ठ्या टाकून. आणि अट एकच: आपला मुद्दा मांडण्याआधी प्रत्येकाने समोरच्याचं म्हणणं मांडायचं, आणि समोरचा 'हो, मला हेच म्हणायचंय' असं बोलला तरच पुढे जायचं.

मघाशी चहाच्या वेळी नववीतल्या एका मुलीला हे सांगितलं, तर तिने लगेच विचारलं, 'मॅडम, समोरच्याने मुद्दामच नाही म्हटलं तर?' मला उत्तर देता आलं नाही. तिने स्वतःच सुचवलं, की असं झालं तर सभागृहाने हात वर करून ठरवावं. मी म्हटलं, सभागृहात त्याच्याच वाडीची पोरं जास्त असली तर? ती विचार करत मेकअप करायला गेली.

तेव्हा नियम नववीच्या वर्गाने लिहून मला चिपळूणच्या पत्त्यावर पाठवावेत. मी त्यातल्या पळवाटा काढून परत पाठवीन, तुम्ही माझ्या काढा. आता पडद्यामागची मंडळी फारच चुळबुळायला लागलीत, आणि त्यांचंही म्हणणं मला समजलंय. नमस्कार.