अर्ध्या तासाचं पवन मावळ



शनिवारी सकाळी लोणावळ्यात शिरणाऱ्या माणसाला सह्याद्री फार उशिरा दिसतो. आधी दिसते पुढच्या गाडीची मागची काच. कुमार चौकात गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात, चिक्कीच्या दुकानांसमोर खोकी सांभाळत माणसं रस्त्यातच थांबलेली असतात आणि भुशी धरणाकडे जाणारी रांग कुठे सुरू होते ते पोलिसालाही सांगता येत नाही. गंमत अशी, की या सगळ्या गर्दीला हवं असतं ते पाणी. धबधबा, धरण, तळं, काहीही चालेल, पण पाणी पाहिजे. आणि पाण्यावर बसायला मिळालं तर मग विचारायलाच नको.

ते बसणं आता लोणावळ्यातून डोंगरापलीकडे, पवना धरणाच्या जलाशयात गेलं आहे. घुसळखांबवरून तुंग किल्ल्याच्या पायथ्याशी उतरा, दुधिवरे खिंडीतून या, नाहीतर कामशेतहून बेडसे लेण्यांच्या बाजूने पवनानगरला जा, कुठूनही आलात तरी काठावर कुणीतरी हात करतंच, "बोटिंग करायचंय का, साहेब?" अर्ध्या तासाची फेरी. जॅकेट घालायचं, पुढे चार आणि मागे चार बसायचं, फोन गळ्यात अडकवायचा. मुंबईकर गेटवेहून लाँचमध्ये बसून बंदरात चक्कर मारून येतात, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की गेटवेच्या लाँचखाली समुद्र असतो आणि या बोटीखाली पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत भाताची खाचरं होती.

आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते या अर्ध्या तासाबद्दल. माझं म्हणणं असं, की मावळ तालुका समजून घ्यायचा असेल तर सनसेट पॉइंटवरून तो समजत नाही. तो समजतो पाण्याच्या पातळीवर बसल्यावर. कारण मावळची सगळी गोष्ट पाणी कुठून कुठे नेलं याचीच आहे.

बोट काठ सोडते तेव्हा आधी नजर वर जाते, किल्ल्यांकडे. उत्तरेला लोहगड, विंचूकड्याची लांब सोंड पुढे काढून बसलेला. त्याच्या शेजारी रुंद विसापूर. पश्चिमेला तुंग, निमुळता. दुसऱ्या अंगाला तिकोना, नावाप्रमाणेच त्रिकोणी. १६६५ साली पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे तेवीस किल्ले द्यावे लागले, त्यांत हे चारही होते. हे चौघे एका वेळी, मान जरा वळवली की दिसतात, ते या पाण्याच्या मध्यावरून. लोहगडाला जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली, मराठ्यांच्या आणखी अकरा किल्ल्यांबरोबर. तुंग आणि तिकोना त्या यादीत नाहीत. आमच्या बोटवाल्याला हे अजिबात पटलेलं नव्हतं. "लोहगडाला काय, पायऱ्या हायेत. तुंग चढून दाखवा म्हणावं," असं तो म्हणाला, आणि पुढच्याच वाक्याला, "फोटो काढायचा आसंल तर तिकोना मागं घ्या, ऊन बरोबर पडतंय."

वरचं बघून झालं की नजर खाली, काठाकडे येते. हा काठ नीट बघण्यासारखा आहे. नदीचा किंवा जुन्या तळ्याचा काठ असतो तिथे लव्हाळं असतं, वाकलेली झाडं असतात, दगडाला शेवाळ असतं. धरणाच्या काठाला यातलं काही नसतं. वर जंगल, खाली पाणी आणि दोहोंच्या मध्ये उघड्या तांबड्या मातीचा पट्टा. दिवाळीनंतर तो हातभर असतो. माघात चांगला पुरुषभर होतो. चैत्रात गावाच्या वेशीएवढा उंच. पट्ट्यावर आडव्या रेघा दिसतात, पाणी थांबत थांबत उतरलं त्याच्या. आणि त्या रेघांना छेद देत जाणारे दगडी बांध दिसतात. ते बांध कुणी पर्यटन खात्याने घातलेले नाहीत. ती भातखाचरं आहेत. एकाखाली एक, उताराच्या अंगाने रचलेली, कोपऱ्यावर पाणी सोडायची मोरी अजून तशीच. बोट जवळून गेली तर मोरीचा दगड मोजता येतो. वरचे दोन-तीन बांध उघडे, चौथा अर्धा पाण्यात, पाचव्याची नुसती सावली आणि पुढचे आपल्या बुडाखाली.

पवना धरण १९७२ च्या सुमारास पूर्ण झालं. मातीचं धरण, साठा साधारण साडेआठ टीएमसी. गावं उठली, माणसं वरच्या अंगाला सरकली किंवा पांगली. पुनर्वसनाच्या जमिनीचा प्रश्न मात्र पन्नास वर्षं उलटली तरी पुरता सुटलेला नाही. धरणग्रस्तांची तिसरी पिढी आता अर्ज घेऊन कचेरीत जाते. आणि हीच तिसरी पिढी तुम्हाला काठावर तंबू ठोकून देते. उरलेल्या पट्टीवर ओळीने रंगीत तंबू, शेकोटी, रात्रीला कोंबडी, सकाळी पोहे, चहा आणि मग बोट. पुण्या-मुंबईची पोरं मोठ्या आवाजात गाणी लावतात ती ज्याच्या जागेत, त्याची आई मागच्या पडवीत चुलीवर चाळीस माणसांच्या भाकऱ्या थापत असते. या धंद्याला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. आवाज, कचरा, दारू या तक्रारी खऱ्याच आहेत. पण शेत पाण्यात गेलेल्या माणसाने पाण्याच्या काठावर पोट भरू नये, तर कुठे भरावं, हे नाक मुरडणाऱ्यांनी एकदा सांगून टाकावं.

"दादा, इथे खोल किती असेल?" आमच्या बोटीतल्या एका काकूंनी विचारलं. हा प्रश्न प्रत्येक फेरीत कुणीतरी विचारतंच. बोटवाल्याने खांदे उडवले. "आत्ता लई न्हाई. खाली आमच्या आज्याचं खाचर हाय, तितवर." काकूंना वाटलं तो थट्टा करतोय. त्या हसल्या. तोही हसला.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ वर येतं. वर्षाचे बहुतेक महिने ते पाण्याखाली असतं. जुनं दगडी बांधकाम आहे, तरीही भिंती टिकून आहेत. कोरड्या चिखलाला भेगा पडल्या की लोक चालत दर्शनाला जातात. नारळ फोडतात, पिंडीवर पाणी घालतात. सहा-आठ महिने आख्खं धरण ज्याच्या डोक्यावर होतं, त्याला तांब्याभर पाण्याचं काय अप्रूप! पण रीत ती रीत.

आता हे पाणी जातं कुठे ते सांगतो. पूर्वेला धरणाची भिंत दिसते. तिच्या पायथ्याशी छोटं वीजघर आहे. तिथून पाणी नदीत सोडतात. नदीने ते खाली रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथे पंपाने उचलून निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात जातं आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. त्याच नदीच्या काठी चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आहे. तेव्हा, श्रोतेहो, तुमच्यापैकी जे निगडी-आकुर्डीला राहतात त्यांनी ध्यानात घ्यावं, की पवनेवरच्या बोटीत बसलेला माणूस तुमच्या पिण्याच्या पाण्यावर बसलेला असतो. वेफर्सचं रिकामं पाकीट वाऱ्याने उडालं, तर ते तुमच्या दिशेने निघालं असं समजा.

शहरालाही काही सुख नाही. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी मिळतं. शहर फुगलं, धरण तेवढंच राहिलं. नदीतून येताना पाणी वाया जातं, घाण होतं, म्हणून धरणापासून थेट बंद नळ टाकावा असं महापालिकेचं आधीपासूनचं म्हणणं. नदी कोरडी पडली तर काठावरच्या आमच्या पंपांनी काय ओढायचं, हे शेतकऱ्यांचं म्हणणं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, आणि म्हणूनच ते चर्चेत सुटायला हवं होतं. तसं झालं नाही. ९ ऑगस्ट २०११ ला, क्रांतिदिनी, बऊरजवळ शेतकऱ्यांनी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग अडवला. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मेले, त्यांत एक बाई होती. जलवाहिनीचं काम थांबलं ते वर्षानुवर्षं. आज त्या रस्त्यावरून लोणावळ्याला जाणाऱ्या गाड्या बऊर कधी मागे पडलं ते बघतही नाहीत.

हे झालं पूर्वेला जाणाऱ्या पाण्याचं. मावळचं दुसरं पाणी उलटं, पश्चिमेला जातं, आणि ती हकीगत याहून नवलाची आहे. मुळात या भागातली प्रत्येक नदी पूर्ववाहिनी. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे गावापाशी उगम पावते, देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेला मिळते; भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. कोकणकड्यापासून हाकेच्या अंतरावर पडलेला पाऊस अशी आख्खी भारताची रुंदी चालत जातो. टाटांच्या लोकांनी हिशेब केला, की हेच पाणी अडवून कड्यावरून खाली सोडलं तर? ८ फेब्रुवारी १९११ ला मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यात कामाची कोनशिला बसली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा अशी तळी बांधली. पाणी खंडाळ्याला आणून नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीत सोडलं. १९१५ साली वीजघर सुरू झालं आणि मुंबईच्या कापडगिरण्या मावळच्या पावसावर फिरू लागल्या. ते पाणी मग पाताळगंगेतून अरबी समुद्राला मिळतं. पुढे आंदर मावळात ठोकरवाडीचं धरण झालं. त्याचं पाणी १९२२ पासून भिवपुरीला पडतं. तिसरं मुळशीचं. तिथे १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि पांडुरंग महादेव बापट त्यातूनच सेनापती बापट झाले. सत्याग्रह हरला, धरण झालं. धरणाविरुद्धच्या जगातल्या पहिल्या काही लढ्यांपैकी हा एक, आणि तो आपल्या शेजारच्या तालुक्यात झाला. या सगळ्या टाटा तलावांतून दरवर्षी चाळीस टीएमसीहून जास्त पाणी पश्चिमेला वळतं. भीमेच्या खालच्या अंगाची, सोलापूरकडची मंडळी अधूनमधून त्याचा हिशेब मागतात, तो उगीच नाही.

त्याच्याही आधीचं भुशी धरण. ज्याच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात बसायला जागा मिळत नाही, ते रेल्वेने बांधलं. बोरघाटातून १८६३ साली गाडी सुरू झाली, तिच्या वाफेच्या इंजिनांना पाणी हवं होतं म्हणून. तेव्हा मावळ म्हणजे दोन महानगरांच्या गच्चीवरची टाकी, आणि लोणावळ्याला येणारे आपण सगळे त्या टाकीवर चढून मौज बघणारे.

पण बोटीत हे सगळं आठवत बसलं पाहिजे असंही नाही. दुपार कलली की घाटाकडून वारा सुटतो, पाण्याला बारीक लाटा येतात आणि बोट जरा डोलायला लागली की मघाशी फोटोत दंग असलेले लोक एकदम लोखंडी कठडा धरतात. बोटवाला मग मुद्दाम एक वळण जोरात घेतो. तुषार अंगावर येतात, पोरं किंचाळतात, काकू देवाचं नाव घेतात. पैसे वसूल होतात ते तिथेच.

तरी एक गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही. धरणाचं पाणी आणि बुडीत जमीन जलसंपदा खात्याची. तिथे बोट चालवायला परवानगी लागते, आणि काठावरची प्रत्येक बोट परवानगीची असतेच असं नाही. शिवाय हे पाणी दिसतं तसं नसतं. काठापासून चार पावलांवर गुडघाभर, आणि पाचव्या पावलाला खाचराचा बांध संपून एकदम खोल. पोहता येणारी माणसंही इथे फसतात, कारण तळाला गाळ आहे. जून लागला की बोट बंद म्हणजे बंद. जून २०२४ मध्ये भुशीच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेले, ते तुम्ही ऐकलं असेलच.

जायचं असेल तर मार्गशीर्ष ते फाल्गुन हा काळ चांगला. देऊळ बघायचं असेल तर चैत्र-वैशाखात जा आणि थोडं चालायची तयारी ठेवा. शनिवार-रविवार टाळा. कामशेतला उतरून पवनानगरचा रस्ता धरलात, तर कुमार चौकही टळतो. सकाळी लवकरची फेरी घ्या, तेव्हा वारा नसतो. सांगितलेल्या भाड्यात घासाघीस करू नका. करायचीच असेल तर जॅकेटवरून करा. पट्टा तुटका असेल, तर दुसरं मागा आणि ते हातात पडेपर्यंत बोटीत पाय टाकू नका.