परिचारिका का टिकत नाहीत?

दिनांक ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीजेचा दिवस. सकाळी अकराच्या सुमारास अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागास आग लागली. कोरोनाच्या साथीत नव्याने उभारलेल्या त्या दालनात सतरा रुग्ण होते. पैकी अकरा जण त्याच दिवशी दगावले. ज्याला श्वासही यंत्राच्या आधाराने घ्यावा लागतो, तो मनुष्य आग पाहून उठून पळणार कसा? अशा रुग्णाचे पाय म्हणजे त्याच्या खाटेजवळ उभी असलेली परिचारिका.

पुढील दोन-तीन दिवसांतच कारवाई झाली. जिल्हा शल्यचिकित्सकासह काही डॉक्टर निलंबित झाले. एक परिचारिका निलंबित झाली, दोघींची सेवा समाप्त करण्यात आली आणि एक वैद्यकीय अधिकारी व ह्या तिघी परिचारिका, अशा चौघींना पोलिसांनी अटक केली. कोणाचा दोष किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम होय. ते येथे करावयाचे नाही. परंतु ती बातमी वाचून दुसऱ्या गावच्या एखाद्या परिचारिकेने कोणता धडा घेतला असेल, ह्याचा विचार प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने करावयास हवा. आज ना उद्या घरचे माणूस तिच्याच हवाली करण्याची वेळ येते.

त्याच वर्षी ९ जानेवारीस भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात अशीच आग लागून दहा अर्भके मृत्युमुखी पडली होती. तेथेही परिचारिकांवर कारवाई झाली. राज्यातील रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासण्याचे आदेश निघाले; आणि दहा महिन्यांनी नगरची घटना घडली. आदेश निघाला म्हणजे काम झाले, असे मानण्याची आपली खोड जुनीच आहे.

वस्तुतः अशी संकटे बहुधा पूर्वसूचना दिल्यावाचून येत नाहीत. विजेच्या खटक्यातून ठिणगी उडते, तार तापते, सारख्या दिसणाऱ्या दोन औषधांच्या कुप्या एकाच फळीवर शेजारी ठेवलेल्या असतात. हे सर्वांआधी दिसते ते चोवीस तास पाळ्यांनी तेथे वावरणाऱ्या परिचारिकेस. चुकीची कुपी हाती आली आणि ऐन वेळी ध्यानात आली, असे तिने वहीत लिहिले, तर दोन गोष्टी होऊ शकतात. फळी बदलली जाईल, किंवा तिच्याकडून खुलासा मागविला जाईल. जेथे दुसरी गोष्ट घडते, तेथे पुढील वेळी वही कोरी राहते. कुप्या मात्र तेथेच राहतात. वैद्यकीय चुकांचा उगम बहुतांशी वाईट माणसांत नसून सदोष व्यवस्थेत असतो, असा निष्कर्ष अमेरिकेतील वैद्यक संस्थेने १९९९ साली एका गाजलेल्या अहवालात मांडला होता.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे चित्र आपण हाती दिवा देऊन काढतो. तिचे खरे शस्त्र मृत्यूंचा हिशेब होता, हे सोयीस्करपणे विसरतो!

परिचारिका नोकरी सोडतात, त्याचे कारण पगार, असे लगेच सांगण्यात येते. ते खोटे नाही. कंत्राटी नेमणुकीवर संसार चालत नाही. तथापि अतिदक्षता विभागात रुग्णामागे एक परिचारिका असावी, असे मानक असता एकीने अनेक खाटा सांभाळावयाच्या आणि अपघात झाल्यास एकटीने उत्तर द्यावयाचे, हा सौदा पगार वाढवूनही कोणी फार दिवस करणार नाही. एक गेली की तिच्या खाटा उरलेल्यांवर पडतात, आणि त्याही बाहेरची वाट पाहू लागतात.

ह्याच जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्याचे कार्य आरंभिले. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहावयास तयार होईनात. तेव्हा त्यांनी गावातीलच स्त्रिया निवडून त्यांना शिकविले. कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. ह्या स्त्रिया दर आठवड्यास जामखेडला एकत्र जमत. कोणाचे मूल वाचले, कोणाचे दगावले, कोठे काय अडले, हे एकमेकींना व डॉक्टरांना सांगत आणि नवे शिकून गावी परतत. त्यांतील कित्येक जणी पुढे दशकानुदशके त्याच कामावर राहिल्या.