गाडीवरची धूळ आणि हातातलं कापड

जालन्याच्या एमआयडीसीत सळईचे कारखाने आहेत. त्या परिसरात उभ्या गाडीवरच्या धुळीत मातीसोबत लोखंडाचे बारीक कणही असू शकतात. अशी गाडी सकाळी कोरड्या फडक्यानं पुसण्याची सवय कृपया सोडा. कण कापडाखाली घासले जातात आणि रंगावर उन्हात चमकणारे बारीक ओरखडे उठतात.

आधी पाण्यानं धूळ उतरवा. मग लांब, मऊ धाग्यांचा धुण्याचा हातमोजा घ्या. कण त्या धाग्यांत शिरतात. सपाट स्पंजावर मात्र ते वरच राहतात. बादल्या दोन हव्यात: एक शाम्पूची, दुसरी मोजा खळबळायची. उन्हाळ्यात आपल्याकडे पाणी जपावं लागतं, पण वाहत्या पाइपपेक्षा बादल्यांत ते कमीच लागतं.

पॉलिश पुसायला मायक्रोफायबर घ्यावं. त्यात बहुधा ८० टक्के पॉलिएस्टर आणि २० टक्के पॉलिअमाइड असतं. चौरस मीटरला ३०० ते ४०० ग्रॅम वजनाचं, कडेला जाड शिवण नसलेलं कापड निवडा. जुन्या बनियनची शिवणही रंगाला लागते. चाकांचं कापड वेगळंच ठेवा. जमिनीवर पडलेलं कापड धुतल्याशिवाय गाडीला लावू नका, आणि ते धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाळा. त्यानं धाग्यांची शोषण्याची ताकद जाते.