पितळेची उजळणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



एखाद्याचे पितळ उघडे पडले म्हणजे त्याची फजिती झाली, असे आपण मराठी माणसे समजतो. गेले काही महिने आम्ही मंडळाचे चार-पाच सभासद मात्र पितळ उघडे पडावे याच एका हेतूने खटपट करीत होतो. त्या खटपटीतून जे यंत्र उभे राहिले त्याची हकीकत आपणांपुढे ठेवावी, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. आम्ही कला शाखेचे पदवीधर. नोकरी केंद्र सरकारच्या लेखा खात्यातली. यंत्रशास्त्राशी आमचा संबंध जमाखर्चाच्या रकान्यांपुरताच. म्हणून जे केले, मोजले आणि डोळ्यांनी पाहिले, तेवढेच सांगण्याचा आमचा विचार आहे.

मूळ प्रश्न आपल्या एकशे आठ निरांजनांचा. मंडळाच्या आरंभीच्या वर्षांत येथील मराठी कुटुंबांनी ती एकेक करून दिली आणि प्रत्येकाच्या बुडाशी देणाऱ्या घराचे नाव घातले. भांड्यावर नाव घालण्याची आपली जुनी रीत. त्यांपैकी कित्येक कुटुंबे बदलीने दुसरीकडे गेली, कित्येक घरांतील वडीलधारी माणसे निवर्तली. जबलपूरच्या मातीत त्यांची खूण म्हणून उरली आहे ती त्या चार-सहा अक्षरांची. गणेशोत्सवाच्या आधी दरवर्षी ही निरांजने राख, चिंच, विटकरीची पूड किंवा रांगोळी लावून घासली जात. घासणाऱ्या आपल्या भगिनी. पुरुष मंडळी त्या वेळी मंडपाच्या दोऱ्या धरून चर्चा करीत. पन्नास वर्षांच्या या घासण्याने दोन गोष्टी झिजल्या : बोटे आणि नावे. बोटांबद्दल कोणी बोलले नाही. नावे दिसेनाशी होऊ लागली तेव्हा आम्हांला जाग आली.

घासणे म्हणजे काय, हे प्रथम पाहू. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. हवेतील प्राणवायू, ओल आणि गंधकयुक्त वायू यांच्या संगतीने त्याच्या पृष्ठभागावर काळपट पुट चढते. तेलतुपाचा चिकटा बसला की ते अधिकच घट्ट होते. चिंचेतील टार्टारिक आम्ल किंवा लिंबातील सायट्रिक आम्ल हे पुट विरघळवते. तेवढ्यापुरती आपल्या आजीची विद्या पूर्णपणे शास्त्रशुद्ध होती. परंतु विटकरीची पूड पुटापाशी थांबत नाही. ती खालचे पितळही खरवडते. दरवर्षी केसभर म्हटले तरी कोरलेल्या अक्षराची खोली मुळात असते किती? शिवाय पुसून न निघालेली पूड आणि तूप अक्षरांच्या खाचांत थिजून बसते. म्हणजे काही नावे झिजली होती, काही केवळ बुजली होती. कोणती कोणत्या वर्गातली हे स्वच्छ केल्यावाचून कळणार नव्हते, आणि जुन्या रीतीने स्वच्छ करावे तर उरलेलीही जाणार होती.

या पेचातून वाट दाखवली ती काडतुसाने. जबलपूरच्या माणसाला काडतूस हा विषय परका नाही. येथील तोफगाड्यांचा कारखाना १९०४ सालचा. खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. काडतुसाची पुंगळी बहुधा सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त अशा पितळेची असते. वाटीसारख्या तुकड्यापासून ती टप्प्याटप्प्याने ओढून लांब करतात. ओढून कडक झालेले पितळ मधून मधून तापवून मऊ करतात, आम्लात बुडवून धुतात. एवढ्या पुंगळ्या हाताने कोण घासणार? फिरत्या पिंपात घालून त्या एकमेकींवर घोळवणे, ही धातूचे लहान नग साफ करण्याची कारखान्यांतील जुनी पद्धत होय. अमेरिकेत नेमबाजीचे छंदिष्ट उडवलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरतात, आणि त्यासाठी लागणारे असे पिंप ते घरच्या घरीच जुळवतात. आपल्याकडे काडतूस हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कक्षेतील विषय; त्याच्या वाटेला आम्ही गेलो नाही. आम्ही घेतली ती फक्त युक्ती. पुंगळी आणि निरांजन यांची धातू एकच, आकार लहान, खाचाखोचा सारख्याच अडचणीच्या. मग युद्धाची विद्या आरतीला का लावू नये?

आता यंत्राकडे वळू. आम्ही त्याला ‘घोळपिंप’ असे नाव दिले आहे. सुपात धान्य घोळताना ते जसे चढते आणि घसरते, तसेच येथे पितळ चढते आणि घसरते, म्हणून हे नाव. पिंपासाठी २०० मिलिमीटर बाह्य व्यासाच्या पीव्हीसी नळाचा ३०० मिलिमीटर लांबीचा तुकडा घेतला. एक तोंड टोपण चिकटवून कायमचे बंद केले. दुसऱ्यावर रबरी झाकण बसवून ते पोलादी पट्ट्याने आवळले. आतल्या बाजूस त्याच नळाच्या तीन अरुंद पट्ट्या लांबीच्या दिशेने चिकटवल्या. या पट्ट्या नसतील तर आतला माल गुळगुळीत भिंतीवर नुसता घसरत राहतो, वर चढत नाही.

हे पिंप दोन समांतर रुळांवर आडवे ठेवावयाचे. रूळ म्हणजे १६ मिलिमीटरचे पोलादी गज. त्यांवर जाड रबरी नळी चढवून व्यास २५ मिलिमीटर केला आणि दोन्ही टोके बेअरिंगांत बसवली. एक रूळ मोटार फिरवते, दुसरा पिंपाबरोबर आपसुक फिरतो. मोटार मोडीत निघालेल्या कपडे धुण्याच्या यंत्राची, पाव अश्वशक्तीची. फिरता फिरता पिंप एका बाजूस सरकत जाते, म्हणून चौकटीच्या दोन्ही टोकांना अडसराचे ठोकळे हवेत.

या सगळ्यात कळीचा मुद्दा वेगाचा आहे, आणि येथे लेखा खात्यातील माणसाच्या गणिताचा उपयोग झाला. पिंप फार वेगाने फिरवले तर आतला माल भिंतीला चिकटून गरगर फिरतो. कोणी कोणाला घासत नाही. फार सावकाश फिरवले तर सगळा ढीग एकगठ्ठा मागे-पुढे डुलतो. ज्या वेगाला माल भिंतीस चिकटतो तो काढण्याचे सूत्र सोपे आहे : ४२.३ या आकड्याला पिंपाच्या मीटरमधील व्यासाच्या वर्गमुळाने भागावे. आमच्या पिंपासाठी उत्तर येते मिनिटाला सुमारे ९५ फेरे. काम होते ते याच्या निम्म्याच्या आसपास. मोटारीचे फेरे मिनिटाला सुमारे १४४०. तिच्यावर ५० मिलिमीटरची आणि रुळावर २०० मिलिमीटरची कप्पी बसवून पट्टा चढवला, की रुळाचे फेरे होतात ३६०. रूळ पिंपाच्या एक-अष्टमांश व्यासाचा. म्हणून पिंपाचे फेरे ४५. कान देऊन ऐकले तर बरोबर वेगाची खूण कळते : आतून पावसाच्या सरीसारखा सलग आवाज येतो. धपधप असा तुटक आवाज आला तर वेग किंवा भरती चुकली असे समजावे.

पिंपात काय घालावयाचे? मार्ग दोन आहेत. कोरड्या मार्गात मक्याच्या बुरकुंडांचा किंवा अक्रोडाच्या कवचांचा भरडा घालतात. त्याने चमक छान येते. परंतु खाचांतला थिजलेला चिकटा निघण्यास फार वेळ लागतो आणि धूळ उडते. म्हणून आम्ही ओला मार्ग धरला. गंजविरहित पोलादाच्या, सुमारे एक मिलिमीटर जाड आणि सहा मिलिमीटर लांब अशा सुया दोन किलो, तीन लिटर पाणी, भांडी धुण्याच्या द्रवाचे काही थेंब आणि लिंबूसत्त्व फक्त पाव चमचा. अशा सुया दागिने उजळणाऱ्या कारागिरांच्या साहित्याच्या दुकानांत मिळतात. पुडीसारख्या त्या खरवडत नाहीत; असंख्य हलक्या टिचक्या मारून पुट सैल करतात आणि जेथे ब्रशाचा केस शिरत नाही अशा अक्षराच्या खाचेतही पोहोचतात. लिंबूसत्त्व मात्र हात राखून घालावे. ते जास्त झाले तर आम्ल पितळेच्या पृष्ठभागावरील जस्त ओढून घेते आणि भांड्यावर तांबूस-गुलाबी छटा उमटते. ती चकाकी नव्हे, ती इजा होय.

एक पथ्य तर सुवर्णाक्षरांनी लिहून ठेवण्याजोगे आहे. अमोनियायुक्त पॉलिश किंवा द्रव पितळेला लावू नये. यामागे आपल्याच देशात घडलेला इतिहास आहे. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात साठवून ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या कोणी हात न लावता तडकलेल्या आढळत. हा प्रकार पावसाळी मोसमात दिसे, म्हणून इंग्रजीत त्याला मोसमी तडकणे अशा अर्थाचे नावच पडले. काडतुसे ठेवलेली असत घोड्यांच्या तबेल्यांजवळ. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी कारण उलगडून दाखवले : घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतील ओल आणि ओढून घडवताना पितळेत कोंडून राहिलेला ताण, या तिघांचा तो संयुक्त पराक्रम होता. उपायही निघाला, घडवलेली पुंगळी बेताच्या उष्णतेवर तापवली की कोंडलेला ताण सुटतो. आपल्या घरातील ठोकून किंवा ओढून केलेल्या पातेल्यांत, तांब्यांत तसाच ताण कोंडलेला असू शकतो. काठाशी अचानक उभी चीर गेलेला जुना तांब्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. प्रत्येक चिरेचे कारण हेच असेल असे नव्हे. पण अमोनिया दूर ठेवण्यास एवढी शंका पुरेशी आहे.

पिंपात काय घालू नये, हेही सांगितले पाहिजे. देवाच्या मूर्ती घालू नयेत. त्यांचे नाकडोळे टिचक्यांसाठी नाहीत. कलई केलेली, चांदीचा मुलामा दिलेली, पातळ पत्र्याची किंवा लाकडी मुठीची वस्तू घालू नये. पट्ट्यावर आणि कप्प्यांवर जाळीचे आच्छादन असल्याखेरीज लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. पाणी आणि वीज शेजारी नांदत असल्याने मोटारीच्या सांगाड्याला अर्थिंग हवेच, आणि गळतीच्या विजेने आपोआप बंद पडणारा खटका हवा. काम संपल्यावरचे मळके पाणी तुळशीत ओतू नये, नर्मदामाईत तर नाहीच; त्यात तांबे, जस्त आणि जुन्या ओतीव पितळेतले शिसेही असू शकते. भांडी दोनदा स्वच्छ पाण्याने खळखळून लगेच कोरडी पुसावीत. पाण्याचे थेंब अंगावर वाळले तर डाग राहतात. शिसे असू शकते म्हणूनच सर्व उरकल्यावर हात साबणाने धुवावेत.

आमची १०८ निरांजने अठराच्या एका घाण्याप्रमाणे सहा घाण्यांत निघाली. दर अर्ध्या तासाने झाकण उघडून पाहिले. आत काही वायू साठला असल्यास तोही मोकळा होतो. बहुतेक घाण्यांना दोन तास पुरले. दोन संध्याकाळी काम आटोपले आणि कोणाच्याही बोटांची साले निघाली नाहीत.

शेवटच्या घाण्यानंतर सगळी निरांजने सभागृहाच्या सतरंजीवर उपडी मांडली. महिला शाखेच्या ज्येष्ठ भगिनी एकेक नाव वाचीत गेल्या आणि आम्ही नोंदवहीत उतरवीत गेलो. अक्षरे बुजलेली होती, ती बहुतेक मोकळी झाली. काही नावे ऐकताच कोणी म्हणे, “अहो, हे तर रेल्वेतले, यांच्याच घरी मंडळाची पहिली हळदीकुंकवे होत.” काही नावांना ओळख सांगणारा कोणीच नव्हता, ती नुसती लिहून घेतली. सतरा निरांजनांचे बूड मात्र गुळगुळीत निघाले. तेथे नाव झिजूनच गेले होते, आणि झिजलेले परत आणणारे यंत्र जगात नाही.

त्या सतरांवर नवी नावे घालावीत अशी सूचना पुढे आली. आमचे नम्र मत वेगळे आहे. ज्यांनी ती दिली त्यांचा हक्क आपण दुसऱ्या कोणास देऊ नये. नोंदवहीत त्यांच्यापुढे ‘नाव अवाचनीय’ एवढाच शेरा असावा, आणि आरतीच्या वेळी ती पहिल्या रांगेत लावावीत. हिशेबाच्या भाषेत बोलावयाचे तर, ज्या रकमेचा देणेकरी सापडत नाही ती रक्कम खर्ची टाकायची नसते. ती ठेव म्हणून सांभाळावयाची असते.

घोळपिंप मंडळाच्या कोठारात ठेवले आहे. कोणाही सभासदाने नोंद करून ते न्यावे, वापरावे आणि सुया मोजून नव्हे तरी तोलून परत कराव्यात. आणि एक विनंती. यंत्र चालवणे फार सोपे आहे, आता पुरुषांनाही ते जमण्यासारखे आहे. येत्या गणेशोत्सवापासून हे काम मंडपाच्या दोऱ्या धरणाऱ्यांनी करावे आणि भगिनींनी बसल्या जागेवरून सूचना द्याव्यात, असा ठराव आम्ही मांडतो.