चरबी उतरावी, ताकद नव्हे

भारोत्तोलनाच्या स्पर्धेत खालच्या वजनगटात बसण्यासाठी तालमीतली पोरं जेवण तोडतात आणि वजनं उचलायची सोडून नुसती धावत सुटतात. काटा खाली येतो खरा. पण चरबीबरोबर दंडही उतरतो. शरीर मोठं हिशेबी! बसून राहिलेला स्नायू ते पोसत नाही. म्हणून उचलायची वजनं जडच राहू द्या. कात्री लावायची ती तेलातुपाला अन् भाताला. ७० किलोच्या गड्याला अशा वेळी दिवसाला ११० ते १४० ग्रॅम प्रथिनं हवीत. वाटीभर शिजल्या डाळीत ती जेमतेम ७-८. तेव्हा दूध, अंडी, सोयाबीन यांची जोड हवीच. औषधाच्या सुईवाचून कमावलेलं अंग आठवड्याला अर्ध्या किलोहून अधिक उतरवू नका. दर रविवारी कमरेला सुतळी लावून पाहा. कंबर कमी होते आहे आणि वजन पूर्वीइतकंच उचललं जातं आहे, तर जेवण आणखी तोडू नका.