शाळेचं माप कशानं घ्यायचं?



उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की घराघरांत एकच विषय निघतो. पोराला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवायचं, की दाखला काढून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालायचं? नवरा एक म्हणतो, सासूबाई दुसरं म्हणतात, आणि शेजारची जाऊबाई सांगते, "आमच्या बंटीला न्यायला दारात गाडी येते." मग टाय, बूट, गाडी बघून निर्णय होतो. गावातल्या शाळेबद्दल एका वाक्यात निकाल लागतो, "तिथं काही शिकवत नाहीत."

पण हे मोजलं कुणी? आपण बाजारात पावशेर मिरच्या घेतल्या तरी तराजूच्या काट्याकडं बघतो. पोराची आठ-दहा वर्षं ज्या शाळेला द्यायची, तिचं माप मात्र ऐकीव गोष्टींवर घेतो. म्हणून आज बोलायचंय ते शाळेच्या मापाबद्दल, आणि शिकवणाऱ्या बाईंच्या-गुरुजींच्या पात्रतेबद्दल.

हा प्रश्न एका घराचा नाही. शाळेत शिक्षक किती द्यायचे हे पटावर ठरतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि 61 ते 90 मुलांसाठी तीन शिक्षक सांगितलेत. म्हणजे 61 मुलांतून एक दाखला निघाला की तिसऱ्या शिक्षकाचं पद धोक्यात येतं. शिक्षक कमी झाले की शिकवणं कमी होतं, मग आणखी दाखले निघतात. ज्यांना फी परवडत नाही त्यांची मुलं, आणि पुष्कळदा मुलींचीच नावं, मागं उरतात. एकाच घरात मुलगा गाडीनं इंग्रजी शाळेत आणि मुलगी चालत गावच्या शाळेत, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. तेव्हा शाळा खरंच वाईट असेल तर ते कळायला हवं, आणि चांगली असेल तर तेही.

शाळेचं माप म्हणून आपण पहिल्यांदा निकाल बघतो. "आमचा पोरगा पास झाला, अ श्रेणी आली." पण 2009 च्या कायद्यानं आठवीपर्यंत नापास करणं बंद केलं होतं. 2019 मध्ये कायद्यात बदल झाला आणि पाचवी-आठवीच्या वार्षिक परीक्षेत नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मोकळीक राज्यांना मिळाली. एरवी मूल वरच्या वर्गात जातंच. त्यामुळं चौथीत असणं म्हणजे चौथीचं येत असणं नव्हे.

दुसरं माप इमारतीचं. रंगवलेल्या भिंती, टीव्ही, संगणक, संडास, पाण्याची टाकी. हे लागतंच. विशेषतः मुलींचा संडास नीट नसेल तर मोठ्या मुली शाळा चुकवतात, म्हणून ते बघायलाच हवं. ही माहिती सरकार दरवर्षी गोळा करतं. प्रत्येक शाळेला 11 आकडी यू-डायस क्रमांक असतो, आपल्या राज्यातल्या शाळांचा 27 नं सुरू होतो. तो क्रमांक टाकून मोबाईलवर कुणालाही शाळेचा तक्ता बघता येतो. मुलं किती, शिक्षक किती, वर्गखोल्या किती, सगळं त्यात दिसतं. पण त्या तक्त्यातून भिंतीच्या आत काय शिकवलं जातं ते कळत नाही.

तिसरं माप एका शिक्षकामागं किती मुलं, याचं. हेही फसवं असू शकतं. समजा शाळेत चार वर्ग, 40 मुलं आणि दोन शिक्षक आहेत. हिशेब केला तर एका शिक्षकामागं 20 मुलं. कागदावर फार चांगलं! पण खरं बघितलं तर एक बाई पहिली आणि दुसरी एकत्र घेऊन बसल्यात, आणि दुसरे गुरुजी तिसरी आणि चौथी. पहिलीला अक्षर गिरवायला द्यायचं तेव्हा दुसरीला गणित. त्यातून एक जण बैठकीला गेला की चारही वर्ग एकाकडं. कायद्यात शिक्षकांना जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतलं काम सोडून दुसरं बिगरशैक्षणिक काम देऊ नये असं लिहिलंय. तरी माहिती भरा, फोटो पाठवा, याद्या करा, यात त्यांचा वेळ जातो. म्हणून शिक्षक किती आहेत याच्या बरोबरीनं ते वर्गात किती वेळ असतात, हे विचारायला हवं.

मग खरं माप कोणतं? साधं आहे. मुलाला वाचता येतं का, हिशेब येतो का.

'असर' नावाची एक पाहणी 2005 पासून होते. प्रथम ही संस्था मुंबईत सुरू झाली, तिची ही पाहणी. यात स्वयंसेवक शाळेऐवजी खेड्यातल्या घरी जातात, मुलाला शेजारी बसवतात आणि एक कागद देतात. त्यावर आधी अक्षरं, मग शब्द, मग चार ओळींचा सोपा उतारा, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मूल जिथवर पोचेल तिथवर त्याची नोंद. गणितात अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी, भागाकार. 2024 च्या पाहणीत देशभरातल्या खेड्यांमधल्या सरकारी शाळांत तिसरीच्या 23.4 टक्के मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली. कोरोनानंतर, 2022 मध्ये, हाच आकडा 16.3 टक्के होता. म्हणजे सुधारणा झाली, पण शंभरातली पाऊणशे मुलं अजून मागंच आहेत.

लगेच म्हणू नका, "बघा, सरकारी शाळा अशाच." त्याच पाहणीत खासगी शाळांचा आकडा जास्त असला तरी तिथंही तिसरीतली निम्म्याहून जास्त मुलं दुसरीची गोष्ट वाचू शकत नाहीत. शिवाय खासगीत जाणाऱ्या मुलाच्या घरी बहुतेक वेळा शिकलेले आई-बाप असतात, शिकवणी असते, पैसा असतो. मूल पुढं गेलं ते शाळेमुळं की घरामुळं, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

म्हणून शाळेला न्याय द्यायचा असेल तर मूल कुठं आहे यापेक्षा ते कुठून कुठं आलं ते बघावं. एक मूल पहिलीत येतानाच घरून बाराखडी शिकून आलं आणि वर्षभरात शब्द वाचायला लागलं. दुसरं मूल ऊसतोड कामगाराचं, दिवाळीनंतर चार महिने कोप्यावर होतं. आलं तेव्हा अक्षर ओळखत नव्हतं आणि वर्षाच्या शेवटी तेही शब्द वाचायला लागलं. परीक्षेत दोघांना सारखेच गुण. पण दुसऱ्या मुलासाठी त्या बाईंनी किती जास्त काम केलं, ते गुणपत्रिकेत दिसत नाही. आपल्याला दिसलं पाहिजे.

आता शिक्षकांच्या पात्रतेबद्दल. पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका लागते. आपण तिला डी.एड. म्हणायचो, आता डी.एल.एड. म्हणतात. त्याशिवाय टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. आपल्याकडं ती पहिल्यांदा 2013 मध्ये झाली. 150 गुणांची परीक्षा, खुल्या गटाला पास व्हायला 60 टक्के, म्हणजे 90 गुण लागतात. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी.

यात समजून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. बी.एड. ही पदवी मोठी. मग बी.एड. झालेल्यांना पहिलीला शिकवू द्यायला काय हरकत? हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑगस्ट 2023 मध्ये न्यायालयानं सांगितलं की प्राथमिकच्या मुलांना शिकवायला बी.एड. ही योग्य पात्रता नाही, कारण लहान मुलांना शिकवण्याचं कौशल्य वेगळं आहे. अंगणवाडीच्या ताईंना आणि घरातल्या आजीला हे न सांगता कळतं. सहा वर्षांच्या पोराला बसतं करणं हे पदवी मोठी असली म्हणून जमत नाही.

1 सप्टेंबर 2025 ला न्यायालयाचा आणखी एक निकाल आला. ज्या शिक्षकांच्या नोकरीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलाय, त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. पाच वर्षांहून कमी उरलेत त्यांना निवृत्तीपर्यंत काम करता येईल, पण बढती हवी असेल तर परीक्षा द्यावी लागेल. वीस-वीस वर्षं शिकवलेल्या बाईंना हे जड जातंय. त्यांची काळजी समजण्यासारखी आहे. परीक्षा असावी, कारण आपल्या मुलांना शिकवणाऱ्याला विषय आला पाहिजे. पण कागद हातात आला म्हणजे शिकवणं आलं, असंही नाही.

याचं एक चांगलं उदाहरण मुंबईतलं आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत 'बालसखी' हा उपक्रम झाला. वस्तीतल्याच दहावी-बारावी झालेल्या मुली निवडल्या, त्यांना थोडं प्रशिक्षण दिलं. तिसरी-चौथीतली मागं पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास या बालसखीकडं बसायची. ती त्यांना जिथं अडलं असेल तिथून शिकवायची. अक्षर येत नसेल तर अक्षरापासून. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. मुलांचं शिकणं वाढलं, आणि सगळ्यांत मागं असलेल्यांना सगळ्यांत जास्त फायदा झाला. या दोघांना 2019 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

याचा अर्थ प्रशिक्षित शिक्षक नकोत असा काढू नका. वर्ग शिक्षकांचाच होता, बालसखी जोडीला होती. अर्थ एवढाच की लहान गट, रोजचा वेळ आणि मुलाच्या पातळीवरून सुरुवात, या तीन गोष्टी पदवीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

आणि पात्रता विचारायचीच तर दोन्हीकडं विचारा. कायद्यातली किमान पात्रता सरकारी शाळेपुरती नाही, ती खासगी शाळेच्या शिक्षकांनाही लागू आहे. तालुक्याच्या शाळेत फी भरायला गेलात की आधी विचारा, "पहिलीला कोण शिकवणार? त्यांचं डी.एल.एड. झालंय का? टीईटी झालीय का?" गाडी किती वाजता येते हे त्यानंतर विचारा.

आता घरी काय करायचं ते सांगते. असरचे किंवा सरकारचे मोठे आकडे नमुना घेऊन काढलेले असतात. त्यातून जिल्ह्याचं, राज्याचं चित्र कळतं, तुमच्या शाळेचं नाही. ते तुम्हालाच बघावं लागेल. मूल तिसरीत किंवा पुढं असेल तर दुसरीच्या पुस्तकातला न पाठ झालेला धडा काढा. एक पान वाचायला सांगा. मग पुस्तक मिटून विचारा, "काय झालं गोष्टीत?" नंतर 52 वजा 27 मांडून द्या. ओरडायचं नाही, शेजारच्या पोराशी तुलना करायची नाही. काय आलं ते वहीत तारखेसह लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा तेच करा.

स्वतःला वाचता येत नसेल तरी अडत नाही. औषधाच्या पाकिटावरचं, एसटीच्या पाटीवरचं वाचायला सांगा. मूल अडखळतं का, अंदाजानं ठोकून देतं का, ते आईला कळतं. दुकानात शंभराची नोट देऊन 64 रुपयांचं सामान आणायला सांगा आणि परत किती आणायचे ते घरीच विचारा.

मग वही घेऊन शाळेत जा. भांडायला नको, विचारायला जा. "बाई, याला शब्द येतात, उतारा येत नाही. पुढं काय करायचं?" ज्या बाईंना तुमच्या मुलाचं नेमकं अडलेलं ठिकाण माहीत असतं, त्या बाई शिकवतात असं खुशाल समजा.

शेवटचं, शाळा व्यवस्थापन समितीचं. कायद्यानं या समितीत पाऊण हिस्सा पालकांचा आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया असायला हव्यात. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. विनाअनुदानित खासगी शाळेत पालकांना हा हक्क नाही. गावच्या शाळेत मात्र तुम्ही सदस्य म्हणून विचारू शकता. पण आपल्याकडं पुष्कळदा सही बाईची आणि बैठकीला नवरा, असं चालतं. ते बंद करा. पुढच्या बैठकीला स्वतः जा आणि तीन प्रश्न विचारा. प्रत्येक वर्गात किती मुलांना वाचता येतं? गेल्या तीन महिन्यांत त्यात किती वाढ झाली? शिक्षक किती दिवस दुसऱ्या कामात होते? उत्तरं इतिवृत्तात लिहायला लावा.

पहिल्या बैठकीत कदाचित उत्तर मिळणार नाही. दुसऱ्या बैठकीत मिळेल, कारण तोवर कुणीतरी मोजायला सुरुवात केलेली असेल. हे सगळं करून शाळा उणी निघाली तर दाखला काढायचा हक्क तुमचा आहेच, तो कुणी हिरावत नाही. पण आधी माप घ्या, मग ठरवा.